म्हशीच्या शेणात यकृतकृमीची अंडी सापडली आहेत. घरातील माणसांना कितपत धोका आहे?

सत्तरीचे कुळागर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमचे घर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, म्हादईला जाऊन मिळणाऱ्या एका ओहोळाच्या काठी आहे. घराला लागून सुपारी-नारळाचे कुळागर, त्याच्या खालच्या अंगाला वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, थोडी शेती, आणि गोठ्यात दोन म्हशी, एक गाय व एक पाडी अशी चार जनावरे आहेत. दिवाळीनंतर मोठ्या म्हशीचे दूध हळूहळू आटू लागले. ती वैरण खात होती, पण अंगावर मांस धरत नव्हती. मग तिच्या जबड्याखाली सूज दिसू लागली. संध्याकाळी चरून परतली की ती सूज पाण्याच्या पिशवीसारखी लोंबायची आणि रात्रभर गोठ्यात बसून राहिली की सकाळी बरीच ओसरलेली असायची. बोटाने दाबले तर खळगा तसाच राहायचा. पापणी उलटून पाहिली तेव्हा आतला भाग पांढराफटक दिसला.

एका ठिकाणी शेण तपासून घेतले तेव्हा ‘जंत नाहीत’ असे सांगण्यात आले. आमचे समाधान झाले नाही म्हणून दुसरीकडे नमुना दिला, आणि तेथे यकृतकृमीची, म्हणजे लिव्हर फ्ल्यूकची, अंडी असल्याचे निदान झाले. म्हशीवर उपचार सुरू झाले आहेत. मला चिंता लागली आहे ती घरातल्या माणसांची. वरच्या झरीचे पाणी पाटाने कुळागरात येते आणि त्याच पाटाच्या कडेने म्हशी चरतात. सासूबाई रोज सकाळी पाटाच्या बांधावरची ब्राह्मी, जिला आम्ही एकपानी म्हणतो, खुडून आणतात आणि ओले खोबरे व हिरवी मिरची घालून तिची कच्चीच चटणी वाटतात. सासऱ्यांना ती चटणी जेवणात लागतेच. मुले खेळता खेळता पाटाचेच पाणी ओंजळीने पितात.

म्हशीचे दूध बंद करावे का? चटणी थांबवावी का? मुलांना शाळेत जंताची गोळी मिळते, ती पुरेशी आहे का? शेजारचे दादा म्हणाले की कलेजी खाल्ल्यामुळे हा रोग माणसाला होतो. त्यात तथ्य आहे का? ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त पशुवैद्य, फोंडा

ताई, आपण शेण दुसऱ्यांदा तपासून घेतलेत हे फार चांगले केलेत. पहिल्या तपासणीत काही न सापडण्याचे कारण बहुधा तपासणीच्या पद्धतीत असावे. नेहमीच्या जंतांची अंडी हलकी असतात. मिठाच्या दाट पाण्यात शेण कालवले की ती वर तरंगतात आणि काचपट्टीवर घेता येतात. यकृतकृमीची अंडी जड असल्यामुळे तळाशी बसतात, आणि म्हणून शेण साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा कालवून, गाळून, खाली बसलेला गाळच तपासावा लागतो. त्या गाळातही आणखी एका चपट्या कृमीची, जनावराच्या पोटात राहणाऱ्या अँफिस्टोमची, साधारण त्याच आकाराची अंडी दिसतात. ती पांढुरकी, पारदर्शक असतात. यकृतकृमीची अंडी पित्ताने रंगलेली, सोनेरी पिवळी दिसतात. शिवाय कृमी पोटात गेल्यापासून पहिले तीन-चार महिने शेणात एकही अंडे येत नाही, त्यामुळे आजारी जनावराचा अहवालही त्या काळात निर्दोष येऊ शकतो.

आता आपल्या मुख्य चिंतेविषयी. हा रोग म्हशीकडून माणसाकडे थेट जात नाही. शेणात हात घातल्याने, गोठा झाडल्याने, जनावराला कुरवाळल्याने किंवा त्याचे दूध प्यायल्याने तो होत नाही. म्हैस आणि माणूस यांच्यामध्ये पाणी, एक लहानशी गोगलगाय आणि बहुतेक वेळा पाण्यातले पान अशा तीन गोष्टी लागतात. दुर्दैवाने आपल्या पाटावर त्या तिन्ही एकत्र आलेल्या आहेत.

हा कृमी झाडाच्या पानासारखा चपटा असतो. थंड डोंगराळ प्रदेशात आढळणारा फॅसिओला हेपॅटिका सुमारे 3 सेंटीमीटरपर्यंत वाढतो. आपल्याकडच्या गाई-म्हशींत आढळणारा फॅसिओला जायगँटिका 7 सेंटीमीटरांपर्यंतही जातो. तो यकृतातल्या पित्तनलिकांत राहतो. त्याची अंडी पित्ताबरोबर आतड्यात आणि शेणातून बाहेर येतात. शेण पाण्यात पडले तर साधारण दोन आठवड्यांत अंड्यातून डोळ्यांना न दिसणारी अळी निघते, आणि तिला सुमारे एका दिवसात योग्य जातीची गोगलगाय सापडली नाही तर ती मरते. सापडली तर मात्र त्या एका अळीपासून गोगलगायीच्या शरीरात शेकडो अळ्या तयार होतात. दीड-दोन महिन्यांनी त्या बाहेर पडतात, थोडा वेळ पोहतात, पाण्याखालच्या किंवा पाण्याला टेकलेल्या गवताला, देठाला, पानाला चिकटतात, शेपटी टाकून देतात आणि स्वतःभोवती टणक कवच करून बसतात. ही गुठळी पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मिठाच्या बारीक कणाएवढी असते. ओल टिकून राहिली तर ती कित्येक महिने जिवंत राहते. काही गुठळ्या पाण्यावर तरंगतही राहतात, आणि म्हणून न उकळलेले पाणीही धोक्याचेच आहे.

ही गुठळी जनावराच्या किंवा माणसाच्या पोटात गेली की कवच विरघळते, आतला कोवळा कृमी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीतून यकृतापर्यंत जातो आणि यकृताचे मांस कोरत कोरत दोन-तीन महिन्यांनी पित्तनलिकेत पोहोचतो. आपल्या म्हशीचे दूध दिवाळीनंतर आटले, याचा अर्थ बहुतेक कृमी भर पावसाळ्यात तिच्या पोटात गेलेले असावेत. जबड्याखालची सूज म्हणजे रक्त कमी झाल्याची आणि यकृताला पुरेशी प्रथिने तयार करता येत नसल्याची खूण आहे. खाली मान घालून चरताना पाणी जबड्याखाली उतरते, म्हणून संध्याकाळी ती जास्त दिसते.

थंड देशांत हिवाळ्यात, तापमान 10 अंशांखाली गेले की अंड्यांची वाढ थांबते. गोव्यात तेवढी थंडी पडत नाही, त्यामुळे पाणी आणि गोगलगाय असेपर्यंत हे चक्र बारा महिने चालू शकते. खाजनाच्या खाऱ्या पाण्यात ही गोगलगाय टिकत नाही, म्हणून तिसवाडी-बार्देशातील खाजनांपेक्षा सत्तरी, डिचोली, सांगे, फोंडा या भागांतल्या गोड्या पाण्याच्या पाटांना, वायंगणाच्या चोंढ्यांना आणि म्हशी डुंबतात त्या डबक्यांना जपावे लागते.

हे सारे चक्र 1880 च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत लॉयकार्ट आणि इंग्लंडमध्ये थॉमस या दोघांनी स्वतंत्रपणे उलगडले. त्याआधी 1879-80 च्या ओल्या हंगामात इंग्लंडमध्ये सुमारे तीस लाख मेंढ्या याच रोगाने दगावल्या होत्या, आणि त्या का मरत आहेत हे समजत नव्हते. मला या इतिहासाचे नेहमी अप्रूप वाटते, कारण दोषाचा धागा शेवटी एका नखाएवढ्या गोगलगायीशी जाऊन पोहोचला.

आता दुधाचे. कृमी दुधातून येत नाही, पण औषध येते. या रोगावरची काही औषधे दुभत्या जनावराला देऊच नयेत अशी आहेत, आणि बाकीच्यांसाठी ठरावीक दिवस दूध वापरायचे नसते. आपल्या म्हशीला कोणते औषध दिले आहे ते डॉक्टरांना विचारून तेवढे दिवस दूध टाकून द्यावे. ते रेडकालाही पाजू नये आणि सोसायटीतही घालू नये. उपचार चारही जनावरांवर एकाच वेळी व्हायला हवेत. एखादे गाभण असेल तर ते आधी सांगावे, कारण अल्बेंडाझोलसारखे औषध गाभणपणाच्या पहिल्या काळात गर्भाला अपाय करते. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या: बाजारात मिळणारी पुष्कळ औषधे फक्त पूर्ण वाढलेल्या कृमींवर चालतात. यकृत कोरत फिरणारे कोवळे कृमी त्यांतून वाचतात, म्हणून दीड-दोन महिन्यांनी शेण पुन्हा तपासावे.

परजीवीशास्त्राची अध्यापिका, पणजी

वरील उत्तरात मूळ गोष्ट इतकी नीट सांगितली आहे की मी फक्त माणसांपुरते लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 70 हून अधिक देशांत मिळून किमान 24 लाख माणसांना ही बाधा आहे. बोलिव्हिया व पेरूचे डोंगरपठार, नाईलचा त्रिभुज प्रदेश, इराणचा कॅस्पियन किनारा आणि व्हिएतनाम येथे ती विशेष आढळते. भारतात जनावरांत हा रोग सर्रास असूनही माणसांतील रुग्ण तुरळकच नोंदले गेले आहेत, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण इराणच्या गिलान प्रांताचे उदाहरण आपल्या चटणीच्या प्रश्नाशी फार जवळचे आहे. तेथे 1989 च्या सुमारास दहा हजारांहून अधिक माणसांना बाधा झाली. तो प्रदेश आपल्यासारखाच पावसाचा, भातशेतीचा, गुरे पाळणारा, आणि पाणथळ जागेतला हिरवा पाला कच्चा वाटून खाण्याची तेथे जुनी सवय. म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे: पाटाच्या बांधावरच्या एकपानीची कच्ची चटणी आजपासून थांबवावी. पाने नळाखाली कितीही चोळून धुतली तरी चिकटलेल्या गुठळ्या निघतीलच अशी खात्री देता येत नाही. तीच पाने उकळत्या पाण्यातून काढून किंवा परतून घेतली तर धोका उरत नाही. तांबडी भाजी, तायकिळा, तेरे हे आपण शिजवूनच खातो, त्यांची चिंता नको.

शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी आतड्यातल्या गोल जंतांसाठी आहे. मुलांनी ती अवश्य घ्यावी, पण यकृतकृमीवर तिचा भरवसा नाही. इतर चपट्या कृमींवर हुकमी ठरणारे प्राझिक्वांटेलही या कृमीवर चालत नाही. खात्रीचे औषध एकच, ट्रिक्लाबेंडाझोल. ते माणसाच्या वजनाप्रमाणे, किलोमागे 10 मिलिग्रॅम, जेवणाबरोबर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. गोठ्यातल्या बाटलीवर हेच नाव दिसले तरी जनावराचे औषध माणसाने कदापि घेऊ नये. हे आवर्जून लिहिते, कारण असा विचार करणारी माणसे मला भेटलेली आहेत.

घरात कोणाला काही त्रास नसेल तर सर्वांनी औषध घेण्याची गरज नाही. सासू-सासरे मात्र रोज ती चटणी खात आले आहेत, तर त्यांची रक्ततपासणी करून इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचे प्रमाण पाहावे. ते बरेच वाढलेले असेल, किंवा बरगडीखाली उजव्या बाजूला दुखणे, रेंगाळणारा ताप, अंगावर पित्त उठणे, वजन घटणे यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना म्हशीची हकीकत आपणहून सांगावी. पहिल्या तीन-चार महिन्यांत माणसाच्या शौचातही अंडी येत नाहीत. त्या काळात रक्तातील प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) तपासणी उपयोगी पडते. मात्र पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्या माणसाला अचानक जोराचा ताप आला तर आधी लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया आणि डेंग्यू यांचा विचार व्हायला हवा. यकृतकृमी त्यांच्या मानाने फार सावकाश वागतो; उपचार न झाल्यास तो माणसाच्या पित्तनलिकेत दहा वर्षांहून अधिक काळ राहू शकतो, आणि पुढे पित्तनलिका तुंबून कावीळ किंवा पोटशूळ झाल्यावरच त्याचा पत्ता लागतो.

डिचोलीचा बागायतदार

माझ्या धाकट्या भावाची गोष्ट सांगतो, कारण डॉक्टरांना जनावरांविषयी आपणहून सांगावे, हे वाक्य वाचून मन भरून आले. भावाला तीन आठवडे संध्याकाळचा ताप येत होता आणि उजव्या कुशीत दुखत होते. मलेरिया, टायफॉईड सगळे तपासून झाले. सोनोग्राफीत यकृतावर डाग दिसले तेव्हा एका रुग्णालयात त्याला यकृताचे गळू समजून औषधे दिली गेली. गुण आला नाही. मग स्कॅन झाला आणि दुसऱ्या ठिकाणी गाठीची शंका घेतली गेली. ते आठ दिवस आमच्या आईने कसे काढले ते मी लिहू शकत नाही. वजन आठ किलोंनी उतरले होते. आणि या सगळ्या काळात त्याच्या पहिल्याच रक्ताच्या कागदावर इओसिनोफिल 38 टक्के असे छापलेले होते. त्या आकड्यापाशी कोणी थांबले नाही, आम्हीही नाही, कारण आम्हाला तो शब्दच ठाऊक नव्हता.

शेवटी एका वयस्क डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवून त्याला विचारले, “तू राहतोस कुठे, घरी गुरे आहेत का, आणि कच्चे काय काय खातोस?” भाऊ स्मरणशक्तीसाठी म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी एकपानीचा कच्चा रस घेत होता. पाने आमच्या बागेतल्या पाटाकडचीच. प्रतिपिंडांची तपासणी सकारात्मक आली. औषध मिळवायला काही दिवस धावपळ करावी लागली, पण ते दिल्यावर आठवड्याभरात ताप गेला. यकृतावरचे डाग पुसट व्हायला मात्र कित्येक महिने लागले. ताई, सासऱ्यांची तपासणी पुढे ढकलू नका.

सत्तरीचे कुळागर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, मी फार आभारी आहे. सासू-सासरे दोघांचेही रक्त तपासून घेतले. सासूबाईंचे सर्व ठीक आहे. सासऱ्यांचे इओसिनोफिल 9 टक्के आले आहेत, त्यांना त्रास काही नाही. डॉक्टरांनी शौचाची तपासणीही सांगितली आहे, पण गेल्या रविवारीच घरी कलेजी झाली होती, त्याने काही फरक पडेल का? दुसरे असे की पावसाळ्यात आम्ही शेतातले कोंगे, म्हणजे मोठ्या गोगलगायी, खातो. गोगलगायीपासूनच हा रोग होत असेल तर तेही सोडावेत का? आणि सासूबाईंचा प्रश्न आहे की एकपानी यापुढे घरात कायमचीच बंद झाली का? त्यांनी ती सासरी आल्यापासून केली आहे, त्यांना फार वाईट वाटते आहे.

परजीवीशास्त्राची अध्यापिका, पणजी

कलेजीचा फरक पडतो, आणि शेजारच्या दादांच्या समजुतीचे मूळही तेथेच असावे. बाधित जनावराचे यकृत माणसाने खाल्ले तर त्यातली अंडी त्याच्या आतड्यातून नुसती प्रवास करून शौचात उतरतात. रोग झालेला नसतानाही अहवालात अंडी दिसतात. म्हणून आठवडाभर कलेजी पूर्ण वर्ज्य करून मगच नमुना द्यावा. शिजवलेल्या कलेजीने हा रोग होत नाही. 9 टक्के हे प्रमाण किंचित वाढलेले आहे. साध्या जंतांनी, दम्याने किंवा ॲलर्जीनेही ते तेवढे होते. प्रतिपिंडांची तपासणी मात्र करून घ्यावी, म्हणजे शंका राहणार नाही.

निवृत्त पशुवैद्य, फोंडा

कोंगे या रोगात दोषी नाहीत. ओळखायची खूण सांगतो. कोंग्याच्या तोंडाला घट्ट झाकण असते आणि तो चांगला मोठा होतो. दोषी गोगलगाय लिम्निया कुळातली, साधारण दीड-दोन सेंटीमीटरची, पातळ, तपकिरी, पाटाच्या संथ कडेला पानांच्या खालच्या बाजूस चिकटलेली सापडते. तिचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरले तर तोंड उजव्या हाताला येते, आणि त्याला झाकण नसते. कोंगे नीट शिजवून खावेत, कारण कच्च्या गोगलगायीतून इतर कृमी येऊ शकतात.

जनावरांसाठी तीन गोष्टी आग्रहाने सांगतो. ताजे शेण पाटात किंवा वायंगणाच्या चिखलात टाकू नका. खड्ड्यात कुजवा किंवा गोबर गॅसला वापरा, कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने अंडी मरतात. भाताच्या काडीचा जो खालचा भाग पाण्यात बुडालेला असतो, गुठळ्या मुख्यतः त्यावरच असतात, म्हणून कापणी थोडी वरून करावी आणि पेंढा कडक उन्हात चांगला वाळवूनच घालावा. ओला पेंढा घाईने गव्हाणीत टाकू नये. आणि शक्य असेल तर झरीचे पाणी पाटात शिरण्यापूर्वीच नळीने वेगळे घेऊन जनावरांना दगडी डोणीत पाजावे, म्हणजे ती पाटात उतरणार नाहीत. घरातल्यांच्या पिण्याचे पाणीही तेथूनच घ्यावे, आणि तेही उकळून.

सासूबाईंना सांगा, एकपानी बंद करायला नको. बांधावरून तिच्या मुळांसकट चार धावत्या फांद्या आणाव्यात, त्यांची असतील नसतील तेवढी सगळी पाने खुडून टाकावीत, मुळे स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा खळबळून जुनी माती काढून टाकावी आणि त्या अंगणात, बंदिस्त विहिरीजवळ, नव्या मातीच्या कुंडीत लावाव्यात. त्या कुंडीला पाटाचे पाणी कधीही घालू नये, ताजे शेणही नको, आणि ती गुरांच्या वाटेवर ठेवू नये. जेथे गोगलगाय नाही तेथे गुठळी नाही. महिन्याभरात नवी पाने फुटतील. ती कच्ची वाटायला माझी हरकत नाही.